झाडं लावू नका म्हणणारी मॅडम

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की मला दोनचार फोन ठरलेले असतात. बहुतेक आयांचे असतात, पोराला किंवा पोरीला 'त्या वाघाबिघाच्या लाईनला' जायचंय, तुम्ही त्यातच आहात ना, कसं असतं, घर चालतं का त्याच्यावर. मी दरवेळी वेगळंच काहीतरी सांगते आणि फोन ठेवल्यावर वाटतं की अर्धवट सांगितलं, मग रात्री झोपताना आठवतं की अरे हे सांगायलाच पाहिजे होतं. म्हणून एकदाचं लिहून काढतेय. आधीच सांगते, यात वाघ नाहीये. इतक्या वर्षांत कामासाठी म्हणून मी वाघ एकदाही बघितलेला नाही. ताडोब्याला एकदा गेले होते, पण ते मावसबहिणीच्या लग्नानंतर सगळे मिळून, तिकीट काढून, आणि तेव्हाही वाघाची फक्त शेपूट दिसली.

माझं काम माळावरचं. मी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्या गावाच्या मागं माळ सुरू होतो तो लांब दुसऱ्या गावाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत दिसतो, मधे काही नाही, म्हणजे लहानपणी मला वाटायचं काही नाही. शाळेत कुणाला हाकलायचं असलं की मास्तर म्हणायचे, जा माळावर. जंगल म्हणलं की आमच्या डोक्यात कोकण किंवा मेळघाट यायचं, घरामागं जे होतं त्याला सगळे पडीक म्हणायचे, आणि गंमत म्हणजे सरकारचंही तेच मत होतं. सॅटेलाइटच्या फोटोंवरून केलेला देशाच्या पडीक जमिनींचा एक ॲटलास आहे, त्यात आमच्यासारखे माळ सरळ पडीक म्हणून रंगवलेत. हे मला कळलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला खरंच राग आला, म्हणजे गावच्या मास्तरांचा राग आला नव्हता तेवढा.

आणि त्याच वेळी कागदावर आमच्याकडं अभयारण्यही होतं. माळढोक अभयारण्य, १९७९ चं, ८,४९६ चौरस किलोमीटर. आकडा परत वाचा. त्यात नुसता माळ नव्हता, गावं होती, ऊस होता, कारखाने होते, एसटी स्टँड होते. आमच्या अण्णांचं एका प्लॉटचं बिगरशेतीचं प्रकरण त्याच्यात कित्येक वर्षं अडकून पडलं होतं, आणि असं घरटी कुणाचं ना कुणाचं काहीतरी अडकलेलं, त्यामुळं माळढोक हा शब्द आमच्या घरात शिवी दिल्यासारखाच उच्चारला जायचा. 'त्या पक्ष्यानं वाटोळं केलं.' पक्षी मात्र घरात कुणीच बघितलेला नव्हता. पुढं ते क्षेत्र कमी करत करत साधारण १,२०० चौरस किलोमीटरवर आणलं, प्लॉट मोकळा झाला, पण तोवर पक्षी हाताच्या बोटावर मोजण्याइतकेही राहिले नव्हते. मी लोकांना काही शिकवायला जाते तेव्हा हे सगळं डोक्यात असतं. ज्याच्या घरात माळढोक म्हणजे शिवी, त्याला 'निसर्ग वाचवा' म्हणून काय उपयोग.

बीएस्सी झुऑलॉजी केलं. त्यात पर्यावरणाचा एक पेपर सगळ्यांना असतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं आलेला तो सक्तीचा विषय, त्याला एक प्रोजेक्ट असतो. आमच्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं तयार प्रोजेक्ट मिळायचे, तीस रुपयाला ओझोन, चाळीसला ग्लोबल वॉर्मिंग, कारण त्यात रंगीत पानं असायची. मी ओझोन घेतला. आज मी त्याच विषयाचं शिक्षण देते तेव्हा तो झेरॉक्सवाला मला नेहमी आठवतो, प्रामाणिक माणूस होता बिचारा, मागणी तसा पुरवठा.

मग दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजातले एक सर म्हणले, बुद्धपौर्णिमेला माळढोक अभयारण्यात, नान्नजला, पाणवठ्यावर प्राण्यांची गणना असते, वनखातं स्वयंसेवक घेतं, येताय का कुणी. मी गेले ते घरातून एक रात्र बाहेर राहायला मिळेल म्हणून, खोटं कशाला बोलू. रात्रभर बसायचं, पाण्यावर कोण येतं ते तक्त्यात लिहायचं. डास, गार वारा, सोबतच्या मुलाचं घोरणं. पहाटे साडेचारच्या सुमाराला चांदण्यात एक लांडगा आला. तो पाण्याजवळ आला नाही, आधी वीसेक मिनिटं लांब बसूनच राहिला, आमच्या दिशेला तोंड करून, आणि मग उठला, चार घोट पिला आणि गेला. गेला म्हणजे चालत चालत त्या मोकळ्या माळात दिसेनासा झाला, आडोसा काही नसताना. मी तक्त्यात 'लांडगा १' लिहिलं आणि माझा हात थरथरत होता हे मला आत्ता लिहिताना पण आठवतंय.

घरी सांगितलं की मला हे करायचंय. अण्णा म्हणले बीएड कर, सुट्टीत बघ लांडगे. आई काहीच बोलली नाही, तिनं नुसतं विचारलं रात्री बायका असतात का तिथं.

तेव्हा वन्यजीवशास्त्रातली एमएस्सी म्हणलं की डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचं एनसीबीएस ही दोन नावं सगळे घ्यायचे, आणि दोन्हीकडं दरवर्षी प्रवेश नसायचा, वर्षाआड एक बॅच, जागा अगदी थोड्या. म्हणजे वर्ष हुकलं की हुकलंच. मी अशा तीनचार ठिकाणी अर्ज केले, एका ठिकाणी लेखी पास होऊन मुलाखतीपर्यंत गेले. कुठं ते लिहीत नाही. मुलाखतीत विचारलं, तुझ्या घराजवळचा तुला नीट माहिती असलेला एक पक्षी सांग. मला भोरडी माहिती होती. सोलापूरच्या कुणालाही विचारा, थंडीत मालदांडी ज्वारीची कणसं भरली की भोरड्यांचे थवे येतात, हजारोंनी, आभाळात काळं कापड झटकल्यासारखे, आणि आम्ही पोरं माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचो, पत्र्याचे डबे बडवायचो. ती सकाळी किती वाजता उतरते, कुठल्या रानात आधी उतरते, दुपारी कुठं पाण्यावर जाते, सगळं मला पाठ होतं. पण तिला इंग्रजीत रोझी स्टार्लिंग म्हणतात हे माहिती नव्हतं, आणि ती पूर्व युरोप, मध्य आशियाकडून येते हे तर अजिबातच नाही. मी 'भोरडी, भोरडी' करत राहिले, समोरच्यांना कळेना, मग मी घाबरून चिमणी सांगितली आणि चिमणीबद्दल मला काहीच माहिती नव्हतं. संपलं.

दोन दिवस रडले. आता वाटतं की त्यांची काही चूक नव्हती, पण त्या खोलीत एखादं जरी मराठी माणूस असतं तर माझं आयुष्य दोन वर्षं आधी सुरू झालं असतं. असो. पुण्यात पर्यावरणशास्त्राला प्रवेश घेतला, तिथं जास्त करून पाण्याचे नमुने तपासणं, ईआयए म्हणजे प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासणं, वगैरे होतं. सुट्टीत मिळेल त्या सर्व्हेला स्वयंसेवक म्हणून जायचे. सुप्याजवळ मयूरेश्वर आहे, चिंकाऱ्यांचं, सव्वापाच चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, आणि कर्जतजवळ रेहेकुरी, काळविटांचं, ते तर सव्वादोन किलोमीटर पण नाही. एवढ्याशा जागा. सकाळी एका टोकाला चालायला लागलं की नाष्ट्याला दुसऱ्या टोकाला. पण ट्रान्सेक्ट, म्हणजे गणनेसाठी आखलेली सरळ रेघ, चालायला, अंतर मोजायला, कळप मोजताना पिल्लं वेगळी धरायला मी तिथंच शिकले, आणि आपण दमतो कधी आणि दमल्यावर आकडे कसे खोटे लिहायला लागतो हेही तिथंच कळलं. हे कुणी सांगत नाही. उन्हात साडेअकराला डोकं म्हणतं सात होती, लिही आठ, काय फरक पडतो. ते नाही लिहायचं. सात म्हणजे सात.

पहिली नोकरी २०१२ ला लागली, लांडग्याच्या एका प्रोजेक्टवर, महिना नऊ हजार, कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं. पगार पहिले तीन महिने आलाच नाही, मग एकदम आला, मग परत नाही. संस्थेचं नाव सांगत नाही कारण नंतर कळलं की हे सगळीकडंच असतं, वरून पैसे उशिरा येतात आणि सगळ्यात खालच्याला सगळ्यात उशिरा मिळतात.

काम काय, तर लांडगा खातो काय ते शोधायचं. त्यासाठी लांडग्याची लेंडी गोळा करायची. हसू नका, आमचं निम्मं विज्ञान त्याच्यावर उभं आहे. लांडगे पायवाटांच्या चौकात, मुद्दाम दिसेल अशी टाकतात, निरोपच तो एकमेकांना. ती ग्लोव्ह घालून कागदी पिशवीत घ्यायची, जीपीएस पॉइंट लिहायचा, कडक उन्हात वाळवायची, मग कोमट पाण्यात भिजवून बारीक चाळणीत धुवायची. तोंडाला मास्क लावूनच, कारण त्यात टेपवर्मची अंडी असू शकतात आणि ती पोटात गेली तर काय होतं ते आमच्या सिनिअरनं मला जेवताना सांगितलं होतं. धुतल्यावर चाळणीत उरतात केस, हाडाचे तुकडे, कधी खूर, कधी बोराच्या बिया. एकेका नमुन्यातले वीसवीस केस उचलायचे, स्लाइडवर पारदर्शक नेलपॉलिशचा थर द्यायचा, त्यात केस दाबायचा, वाळला की अलगद ओढून काढायचा आणि मागं राहिलेला ठसा मायक्रोस्कोपखाली बघायचा. शेळीच्या केसावरचे खवले वेगळे, काळविटाचे वेगळे, सशाचे तर बघताक्षणी ओळखू येतात. मी आयुष्यात नेलपॉलिश लावली नाही पण त्या वर्षी अठरा बाटल्या विकत घेतल्या, दुकानदारीण मला म्हणली ताई पार्लर काढलंय का. माझी रूममेट बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करायची, गच्चीवर वाळत घातलेलं बघून तिनं विचारलं हे काय गं, मी म्हणलं प्रोजेक्ट. तिनं रूम बदलली.

पाच महिने हे करून मी आकडे मांडले, आमच्या भागात निम्म्याहून जास्त केस शेळ्यामेंढ्यांचे. फार भारी वाटलं, काहीतरी शोधल्यासारखं. त्याच आठवड्यात माळावर एक आबा भेटले, धनगर, दरवर्षी कळप घेऊन त्याच वाटेनं येणारे, माझी त्यांच्याशी आधीची ओळख होती, माझ्यासाठी चहात शेळीचं दूध घालायचे. त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं, आबा असं असं निघालं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणले, "पोरी, एवढं धुवत बसलीस होय. मला इचारायचं की."

मग त्यांनीच सांगितलं की कळपातलं मेलेलं कोकरू ते मुद्दाम लांब टाकून येतात, त्याचं त्यानं खावं. जितराब नेलं तर शिव्या घालतात, कुत्री सोडतात, पण वाटा त्याचाही आहे, असं म्हणाले. म्हणजे माझ्या चाळणीतले किती केस मारलेल्या मेंढीचे आणि किती टाकून दिलेल्या कोकराचे हे माझ्या मायक्रोस्कोपला कधीच कळणार नव्हतं, आबांना माहिती होतं. मी रिपोर्टमध्ये ते लिहिलं. वरच्या साहेबांनी ते वाक्य काढून टाकलं, पुरावा नाही म्हणून. आता वाटतं, शास्त्र म्हणून त्यांचं बरोबरच होतं, पण माझं मन तिथंच थोडं फिरलं. मला वाटायला लागलं की ज्या लोकांना हे माहिती आहे त्यांच्या पोरांशी बोलावं.

एक गोष्ट मधेच सांगते कारण मुलींच्या आया फोनवर घोटाळत घोटाळत हेच विचारत असतात. माळावर आडोसा नसतो. जंगलात काम करणाऱ्या मैत्रिणींना झाडामागं जाता येतं, आमच्याकडं तीन किलोमीटरवरनं माणूस दिसतो. मी पहिलं वर्ष पाणी न पिता काढलं आणि दोनदा युरिन इन्फेक्शन झालं. मग मोठा घेरदार स्कर्ट आणि छत्री हा उपाय एका मेंढपाळ बाईनं दाखवला. कुठल्याच फील्ड मॅन्युअलमध्ये हे नाही.

तर शिक्षणाकडं वळले. कुठल्याही संवर्धनाच्या प्रोजेक्टच्या बजेटमध्ये शेवटची ओळ असते 'जनजागृती', त्यात उरलेले पैसे टाकतात आणि ते काम सगळ्यात ज्युनिअर माणसाला देतात, बहुतेक वेळा मुलीला, कारण 'तुला बोलता येतं'. मलाही असंच मिळालं. आठ जिल्हा परिषद शाळा, प्रत्येकी एक तास.

पहिल्या शाळेत मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. पीपीटीत वाघ, हत्ती, ध्रुवीय अस्वल, पेंग्विन. लाईट गेली. मग लॅपटॉपवरच दाखवलं, पन्नास पोरं एका लॅपटॉपभोवती. शेवटी म्हणलं आता आपल्या परिसरातला प्राणी काढा. एकोणपन्नास वाघ आले. वाघाच्या मागं दोन डोंगर, मधून सूर्य, नारळाचं झाड. आमच्या जिल्ह्यात. एका पोरानं काहीच काढलं नव्हतं, चौथीतला असेल, त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, लांडग्यानं आमची शेळी नेली मंगळवारी. त्याला मारायचं का नाई मारायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हणलं नाही मारायचं, तो म्हणला मग शेळी? नुकसानभरपाई मिळते असं मी सांगितलं, पंचनामा, वनरक्षक, अर्ज. तो म्हणला आमचे पप्पा गेले होते, ते म्हणले लांडग्यानं नेली कशावरून, कुत्र्यानं नेली असंल. वर्ग हसला. माझा एक तास संपला.

त्या रात्री मी पीपीटी डिलीट केली. म्हणजे नाटकीपणा म्हणून नाही, लॅपटॉपची जागा भरली होती हेही खरं.

पुढच्या शाळेत काहीच नेलं नाही, पोरांना घेऊन माळावर गेले. ऑक्टोबर होता, कुसळी पिकलेली. अर्ध्या तासानं सगळ्यांना खाली बसवलं आणि मोज्यांतली, पँटीतली कुसळं काढून मोजायला लावली. ज्याची जास्त तो जिंकला. मग एकेक कुसळ तळहातावर ठेवून बाटलीच्या टोपणानं त्याच्यावर थेंबभर पाणी टाकायला सांगितलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, कुसळाची शेपटी पिळलेल्या दोरीसारखी असते, ओली झाली की तिचा पीळ सुटतो आणि ती गोल फिरायला लागते, तळहातावर, जिवंत असल्यासारखी. वाळली की परत पीळ बसतो. असं फिरत फिरत ते बी स्वतःला जमिनीत घुसवून घेतं, स्क्रू बसवल्यासारखं. पोरं किंचाळलीच. एकजण म्हणला, मॅडम, हे मेंढराच्या कातड्यात पण असंच घुसतं. बरोबर. मग दुसरा बोलायला लागला की पवना मेंढरं आवडीनं खातात, मारवेल दुभत्याला चांगलं, कुसळी पोटऱ्यात यायच्या आधीच चारायची. तासभर मी एक शब्द बोलले नाही. वर्गशिक्षक मागं उभे होते, ते म्हणले, हा पोरगा वर्गात तोंड उघडत नाही हो.

तिथनं मग मी रुळले. धाविक पक्षी कसा पळतो आणि थांबतो त्याची नक्कल, माळटिटवीची अंडी खड्यांमध्ये शोधून दाखवायची, लांबून, पाय न टाकता. पखुर्ड्या, हेही माळावरचेच पक्षी, पाण्यावर किती वाजता येतात याची नोंद पोरांनीच ठेवायची. लांडग्याचं पण आणलं, पण मारायचं की नाही हा प्रश्न मी परत कधी उडवून लावला नाही. पंचनाम्याचा अर्ज कसा लिहायचा हे पाचवीच्या वर्गात फळ्यावर शिकवलं, मेलेल्या जनावराचा फोटो कसा काढायचा, दाताच्या खुणा कुठं बघायच्या, जागेवरनं हलवायचं नाही, लगेच कळवायचं. काही लोकांना हे पर्यावरण शिक्षण वाटलं नाही. मला विचाराल तर ओझोनपेक्षा बरं.

माळढोक मी एकदाच बघितला. मादी, चारपाचशे मीटरवर, स्पॉटिंग स्कोपमधनं, उन्हाच्या झळांमध्ये हलणारी, अर्धा चेहरा गवतात. वर्षाला साधारण एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर, आणि एवढा जड पक्षी की समोरची विजेची तार दिसल्यावर वळायला वेळ मिळत नाही. २०१९ पासून जैसलमेरकडं सम इथं त्यांचं प्रजनन केंद्र चालू झालंय, पिल्लं होतायत. आमच्याकडं फक्त अभयारण्याचे बोर्ड आहेत. आईला फोन करून सांगितलं, बघितला. ती म्हणली अण्णांना सांगू नको.

आता झाडांचं. २०१६ ला राज्यात मोठी वृक्षलागवड मोहीम सुरू झाली, पहिल्या वर्षी २ कोटी, मग ४, मग १३, आणि २०१९ ला ३३ कोटींचं टार्गेट. प्रत्येक शाळेला, ग्रामपंचायतीला आकडा दिलेला. आमच्याकडं मोकळी जागा कुठली, तर माळ. पडीकच ना तो. माझ्या एका शाळेच्या मागच्या माळावर, जिथं पोरांनी दोन वर्षं माळटिटवीची घरटी मोजली होती, खड्डे मारायचं ठरलं. हेडमास्तरांनी मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं, हार, नारळ, फोटोग्राफर. मी आदल्या दिवशी गेले आणि म्हणलं, सर, इथं नका लावू.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणले, "मॅडम, पर्यावरणवाले भरपूर बघितले. झाडं लावू नका म्हणणारी पहिलीच."

मी समजावलं, आणि हे समजावणं सगळ्यात अवघड असतं कारण झाड म्हणजे चांगलं हे आपल्याला पहिलीपासून शिकवलंय आणि ते खोटं पण नाही. मी म्हणलं, सर, हे गवत तोडलेल्या जंगलाच्या जागी उगवलेलं नाही, इथली जमीनच उथळ, पाऊस कमी, हे असंच असतं. इथले पक्षी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना चारी बाजूला लांबवर दिसायला लागतं, झाड आलं की त्याच्यावर कावळा बसतो, त्याला वरून सगळी घरटी दिसतात. काळवीट पळून जीव वाचवतो, त्याला मोकळं रान लागतं. आणि खड्ड्यात लावणार काय तर गिरीपुष्प, कारण ते जगतं आणि शेळ्या सहसा खात नाहीत, शेळ्या खात नाहीत म्हणजे धनगरांचं चराऊ रान गेलं. ते ऐकत होते. मग म्हणले, सगळं पटतंय हो, पण मला पाचशे खड्ड्यांचे फोटो अपलोड करायचेत.

आम्ही तडजोड केली. शाळेच्या कंपाउंडला, ओढ्याच्या काठानं, रस्त्याकडंला कडुलिंब, बाभूळ, बोर बसतील तेवढी बसवली, दोनशेच्या आसपास झाली. उरलेल्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. टिटव्या त्या वर्षी तिथंच होत्या. दुसऱ्या दोन शाळांत मात्र माझं कुणी ऐकलं नाही, आणि त्यातल्या एका माळावर आता गिरीपुष्पाच्या रांगा आहेत, खाली गवत विरळ झालंय, तिकडं मी सहसा जात नाही.

पैशांचंही इथंच येतं. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सीएसआरला, म्हणजे समाजाच्या कामाला, द्यावे लागतात, त्यामुळं आमच्यासारख्या छोट्या संस्थांना बरे दिवस आले असं वाटलं. एका कंपनीचे साहेब आले, प्रेझेंटेशन आवडलं, म्हणले आमचे तीनशे कर्मचारी एक रविवार येतील, टीशर्ट आम्ही देतो, त्यांना काय लावता येईल? मी म्हणलं काही लावायचं नाही, चालायचं आणि बघायचं. म्हणले मग फोटोत काय येणार? गवत, मी म्हणलं. तो निधी आला नाही. त्या दिवशी संस्थेतल्या दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलं, त्यांचा पगार त्यातनं निघणार होता, त्यांचं तरी काय चुकलं.

रफर्ड या ब्रिटनमधल्या संस्थेच्या छोट्या ग्रँटचा अर्ज सगळेच भरतात, मी पण भरला, पहिल्यांदा नाही मिळाली, दुसऱ्यांदा मिळाली, त्यात दीड वर्ष निघालं. मग २०२० आलं. शाळा बंद. त्याच वर्षी परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, मोठ्या संस्थेला बाहेरून आलेला पैसा छोट्या संस्थेला पुढं देता येईना, आणि आमचं बरंचसं त्याच्यावर चाललेलं. सप्टेंबरात मी घरी परत आले, तेहतीस वर्षांची, बॅगेत एक दुर्बीण, लॅपटॉप आणि नेलपॉलिशच्या दोन बाटल्या. गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, सायन्स आणि गणित, महिना तीनशे रुपये एकाचे. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. बीएडचा विषय काढला असता तर बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

त्या दीड वर्षात मी आकडेमोडीचं आर शिकले, नकाशांचं क्यूजीआयएस शिकले, यूट्यूबवर, रात्री दोननंतरचा डेटा पुरवून. आधीचे सगळे नकाशे दुसऱ्या कुणाकडनं करून घ्यायचे. आज मला जे काम मिळतं त्यातलं निम्मं त्याच्यामुळं मिळतं, लांडग्यामुळं नाही. फोन करणाऱ्या आयांना मी हे आवर्जून सांगते, प्राण्यांवर प्रेम सगळ्यांचंच असतं, एक्सेल कुणाला येत नाही. बाईक चालवायला शिकवा. इंग्रजीत लिहायला येऊ द्या आणि मराठीत बोलायला, उलटं झालेली पोरं माळावर काही कामाची नसतात. पहिली पाच वर्षं घरातून पैसे मागावे लागतील, ज्यांच्या घरात ते नाहीत त्यांना हे क्षेत्र फार लवकर बाहेर फेकतं, माझ्या बॅचच्या सहापैकी चौघं बाहेर आहेत, त्यातली दोघं माझ्याहून हुशार होती. हे ऐकून बऱ्याच आया फोन ठेवतात.

आता मी काय करते, तर तुकड्या तुकड्यांचं काम आहे. थोडे महिने सर्व्हे, थोडे महिने शिक्षकांची ट्रेनिंग, आणि गावातल्या पोरापोरींना गाईड म्हणून तयार करणं. इंदापूरला कडबनवाडी आणि बारामतीत शिरसुफळ, इथं २०२४ ला वनखात्यानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, लोक पैसे देऊन माळ बघायला येतात हे आमच्याकडच्या लोकांना अजून खरं वाटत नाही. एका सरपंचानं मला विचारलं होतं, दाखवणार काय? आता तेच विचारतात आमच्याकडं कधी करताय. त्याच्यातही गडबडी आहेत, लांडग्याच्या गुहेपर्यंत गाडी घाला म्हणणारे फोटोवाले येतात, मागच्या वेळी एकाशी माझं चांगलंच वाजलं. त्याच्यावर परत कधीतरी.

हे लिहीत होते तेवढ्यात, म्हणजे परवा सकाळी, एक फोन आला. तो शेळीवाला पोरगा. आता कॉलेजला आहे, दिवसा गाईड म्हणून जातो, शेळ्या अजून आहेत, लांडग्यानं मधे एक नेली त्याचा पंचनामा त्यानंच लिहिला आणि पैसे पण मिळाले, सात महिन्यांनी का होईना. म्हणला, मॅडम, गावामागच्या माळावर जेसीबी आलाय, चर खोदायचे म्हणतायत, मधे त्या खोकडाच्या बिळांकडं पण फकी मारलीय. काय करू?

मी म्हणलं बिळांचे जीपीएस घे, फकीचे फोटो काढ, वनरक्षकांना फोन लाव, आणि जेसीबीवाल्याला चहा पाज. दोन पाज. मी निघालेच.